आई, तू नाही आलीस तरी चालेल

पत्र

ताई, नमस्कार.

सव्वादोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून नेदरलँड्सला आलो, आइंडहोवनजवळ राहतो. मुलगी ८ वर्षांची, इथल्याच डच शाळेत जाते. शाळेतून चिठ्ठी आली आहे. जूनमध्ये ‘आवोंदफीरदाख्से’ आहे, सलग चार संध्याकाळी रोज ५ किलोमीटर चालायचं, पालकांनीही यायला हरकत नाही. गेल्या वर्षी आम्ही तेव्हा भारतात होतो, म्हणून हे पहिल्यांदाच. लेक नुसती नाचतेय.

नवरा म्हणतो, “चालायला पैसे कसले भरायचे? आणि चालायचंच तर नाइमेखन शहरातली ती चार दिवसांची मोठी चाल करू. हा पोरखेळ आहे.” माझं डच दुकानापुरतं. शाळा सुटताना बाकीच्या आया घोळका करून उभ्या असतात, मी थोडी बाजूला फोनमध्ये बघत. दीड तास कोणाशी काय बोलत चालू? त्यात परवा लेक सहज म्हणाली, “आई, तू नाही आलीस तरी चालेल. सेमची आई आहे आमच्याबरोबर.” रात्री झोप लागली नाही.

शिवाय सासरे आलेत. आप्पांनी २१ वर्षं माउलींच्या पालखीबरोबर वारी केली. यंदा गुडघ्यामुळे डॉक्टर नको म्हणाले, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. चिठ्ठीचं ऐकल्यापासून त्यांचं एकच, “मीही चालतो. टाळ आणलेत मी.” मला कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटते. आणि लाज वाटली याचीच जास्त लाज वाटते. काय करू?

– लेकीची आई

उत्तर

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण झोप एकाच वाक्याने उडवली आहे. तेव्हा आधी ते.

८ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यात चालायचं असतं. आई शेजारी नसलेलीच बरी, कारण आई ‘पाणी पी’, ‘रस्त्याच्या कडेने चाल’ म्हणते. सेमच्या आईबद्दल सेमचं मतही हेच असणार, त्याला विचारून बघा. तुमच्या लेकीने तुम्हाला नाकारलेलं नाही. फार तर तिने एवढं पाहिलं असेल की शाळेच्या दारात आई अवघडून उभी असते, आणि तिच्या परीने तुमची सुटका करून टाकली. मुलं असं करतात. त्यावर ‘मी आले तर तुला आवडेल का गं?’ असं विचारत बसू नका. त्या प्रश्नाला ती तुमचा चेहरा बघून उत्तर देईल.

आता दीड तासाचं. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पहिल्या संध्याकाळी बहुतेक तुम्ही एकट्याच चालाल. कोणी वाईट वागेल असं नाही. त्या आया एकमेकींना मुलं पाळण्यात होती तेव्हापासून ओळखतात, त्यांच्या गप्पा कालच्या जागेवरून आज पुढे सुरू होतात. आपल्याकडे सोसायटीच्या हळदीकुंकवाला नवी सून येते तेव्हा आपण काय वेगळं करतो?

माझं पहिलं वर्ष सांगते. मुलगा ७ वर्षांचा होता. मी पाठीवर एवढी मोठी सॅक घेऊन गेले होते: छत्री, सहा माणसांना पुरेल असा डबा, बँडेज, स्वेटर दोन. बाकी सगळे हात हलवत आलेले. पहिले दोन दिवस मी, सॅक आणि माझे विचार. तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. पुढे चालणाऱ्या एका बाईच्या मोठ्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली. तिने वाकण्याआधी हातातली बाबागाडी माझ्याकडे सरकवली, आणि नाडी बांधून झाल्यावर तशीच पुढे गेली. विसरली की काय, मला आजतागायत कळलेलं नाही. मी ती गाडी दोन किलोमीटर ढकलली. आत बाळ झोपलेलं. त्या दोन किलोमीटरमध्ये माझ्याशी पाच जण बोलले, कारण बाबागाडी ढकलणाऱ्या बाईशी काय बोलायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. एकीने तर बाळ माझ्यावर गेलंय असंही सांगितलं. बाळ पांढरंफटक होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकीला हेच सांगत आले आहे: नुसत्या पाहुण्यासारख्या जाऊ नका, हातात काहीतरी काम घेऊन जा. आप्पांना विचारा, दिंडीत रिकामा माणूस असतो का? कोणी विणेकरी, कोणी चोपदार, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणी ट्रकबरोबर पुढे जाऊन चुली पेटवणारा. नवा आलेला माणूस पहिल्या मुक्कामाला पंगतीत पाणी वाढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला सगळे नावाने हाक मारतात.

इथेही कामं भरपूर असतात, आणि ती करायला माणसं कधीच पुरत नाहीत. मुलं शाळेच्या गटातून चालतात. गटाच्या पुढे एक मोठं माणूस लागतं आणि शेवटी एक, चमकणारं पिवळं जाकीट घालून. शेवटचं काम तुम्ही मागून घ्या. त्यात बोलायचं कमी आणि मोजायचं जास्त असतं, आणि डचमध्ये वीसपर्यंत आकडे तुम्हाला येत असणारच. रमणारी, नाडी सुटणारी, फुलं तोडत बसणारी, ‘पाय दुखतात’ म्हणणारी सगळी मुलं शेवटाला येतात आणि अशा मुलांच्या आया आपोआप तुमच्या शेजारी येतात. शिवाय तुम्ही लेकीपासून पन्नास पावलं मागे राहता. तिला मोकळीक आणि तुमची नजरही. वाटेत तपासणीच्या ठिकाणी बसून मुलांच्या कार्डांवर शिक्के मारायचे किंवा मध्यावर सरबत आणि सफरचंदाच्या फोडी द्यायच्या, हीसुद्धा सोपी कामं. रस्ता ओलांडताना गाड्या थांबवण्याचं काम मात्र यंदा घेऊ नका. त्यासाठी आधी ऑनलाइन प्रशिक्षण लागतं, आणि घाईत असलेल्या ड्रायव्हरशी डचमध्ये हुज्जत घालायची वेळ येऊ शकते.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आजच लिहा: ‘इक लोप ख्राख मे. कान इक एर्खन्स मे हेल्पन?’ म्हणजे मला बरोबर चालायला आवडेल, कशात मदत करू का? फक्त ‘मी येऊ का’ विचारलंत तर उत्तर ‘हो, या ना’ एवढंच येईल. मदत विचारलीत तर दहा मिनिटांत कोणीतरी फोन करेल. मग लेकीला सांगून टाका की मी शेवटी असणार आहे, जाकीट घालून.

आणि बाजारातून लिंबं आणून ठेवा. लेकीने अजून मागितलं नसेल तर मागेल. लिंबू अर्धं कापायचं, त्यात पेपरमिंटची गोळी खुपसायची, वरून पातळ रुमाल ताणून रबर लावायचा आणि रुमालातून ते आंबट-गोड चोखत चालायचं. हे काय प्रकरण आहे असं मलाही वाटलं होतं. पण आजीआजोबांनी लहानपणी असंच चोखलेलं असतं, आणि ज्याच्या हातात लिंबू नाही ते पोर त्या चार दिवसांपुरतं गरीब. आपल्या लिमलेटच्या गोळीचं हे दूरचं नातलग समजा.

यजमानांच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. पैसे म्हणाल तर काही युरोंचा प्रश्न आहे. त्यात शिक्क्यांचं कार्ड, वाटेवरची व्यवस्था आणि शेवटी पदक येतं. आणि नाइमेखन? ती मोठी फीरदाख्से १९०९ पासून चालू आहे, १९२५ पासून नाइमेखन हेच तिचं गाव. जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी सुरू होते आणि शुक्रवारी संपते. वय आणि गटाप्रमाणे रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर. चाळीस हजारांवर माणसं चालतात, जगभरातल्या सैन्यांच्या तुकड्या गणवेशात येतात, आणि अर्ज जास्त झाले तर सोडत काढतात. २००६ मध्ये उन्हाच्या तडाख्यात पहिल्याच दिवशी दोघांचा जीव गेला आणि उरलेले दिवस रद्द करावे लागले. शेवटच्या दिवशी शहरात शिरणाऱ्यांच्या हातात ग्लॅडिओलसची फुलं देतात, इतकी की त्या दिवसापुरतं त्या रस्त्यालाच ‘व्हिया ग्लॅडिओला’ म्हणतात. फार देखणा सोहळा आहे, जरूर बघायला जा. पण ८ वर्षांच्या मुलीला तिथे चालायला प्रवेश नाही, आणि तुमचे यजमान आजवर सलग किती चाललेत ते पत्रात कुठे लिहिलेलं नाही. त्यांना म्हणावं, चार संध्याकाळी मिळून २० किलोमीटर होतात. तेवढे लेकीबरोबर चाला, मग नाइमेखनचा फॉर्म भरू.

आता आप्पा.

घरात एक वाक्य कोणीही बोलू नका: ‘आप्पा, ही पण एक वारीच.’ तुम्ही प्रेमाने म्हणाल, पण २१ वर्षं दिवे घाट चढलेल्या माणसाला फरक कळतो. तिकडे वाटेच्या शेवटी पंढरपूर आहे. इकडे शेवटी पदक आहे आणि गळ्यात चॉकलेटांची माळ. या वर्षी त्यांची वारी चुकली आहे. त्यांना त्याचं दुःख होत असेल तर ते होऊ द्या, त्यावर लगेच दुसरं काही चिकटवू नका. आणि ही चाल म्हणजे त्यांना आपली वाटली तर त्यांची त्यांनाच वाटेल. चालता चालता पुढच्या गटाने एक ओळ म्हणायची, मागच्याने ती उचलायची, असं पोरांचं चाललेलं असतं. हे त्यांच्या कानाला लागेलच.

गुडघ्याचं मात्र भावनेवर सोडू नका. आळंदी ते पंढरपूर जवळपास अडीचशे किलोमीटर. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं ते त्याला. सपाट रस्त्यावरच्या ५ किलोमीटरला ते काय म्हणतील हे वेगळं विचारावं लागेल, तेव्हा त्याच डॉक्टरांना फोन करा. इथे चढ नाही ही जमेची बाजू. पण मुलांबरोबरची चाल एकसारखी नसते. थांबा, पळा, पुन्हा थांबा. दुखऱ्या गुडघ्याला हे तालात चालण्यापेक्षा जड जातं. तेव्हा जूनच्या आधी एका संध्याकाळी कालव्याच्या कडेने ५ किलोमीटर घेऊन जा, आणि चालताना नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते विचारा. वारकरी चालताना दुखतंय म्हणत नाही. शिवाय त्यांच्या प्रवास विम्याचा कागद वाचून ठेवा. आधीपासूनचं दुखणं अशा विम्यात बहुतेकदा धरलेलं नसतं. जमलं तर चारातल्या एकाच संध्याकाळी त्यांनी पूर्ण चालावं. नाहीतर वाटेत शेवटच्या किलोमीटरला गाठावं. मार्ग आधी जाहीर होतो, गाडीने तिथपर्यंत सोडता येतं.

आणि शेवटची संध्याकाळ कोणत्याही परिस्थितीत त्यांची. त्या दिवशी मुलं गावात परत शिरतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, बऱ्याच ठिकाणी पुढे बँड असतो, आणि आजीआजोबा फुलं घेऊन उभे असतात. नातवंड दिसलं की हातात फुलं, गळ्यात गोळ्याचॉकलेटांची माळ. आजोबांना बाजूला बसवण्यासाठी काढलेली ही युक्ती आहे असं समजू नका. मुलांच्या दृष्टीने चारही दिवस त्या दहा मिनिटांसाठी असतात. ‘माझ्यासाठी कोण येणार’ ही चर्चा वर्गात आठवडाभर आधीपासून चालू असते. व्हिसावर आलेल्या आजोबांना इथे सलग ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. त्यांचे ते दिवस नेमके जूनमध्ये आलेत हे तुमचं नशीब.

टाळांचं तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत आणि तेच तुम्हाला सगळ्यात टोचतंय. सरळ सांगायचं तर त्या वाटेवर टाळ ऐकूही येणार नाहीत इतका गलका असतो. पोरं एकच ओळ शंभर वेळा ओरडत असतात, कोणाच्या पाठीवर स्पीकर असतो. आवाजाने कोणी दचकणार नाही. लोक बघतील मात्र नक्की. धोतर, टोपी, गळ्यात टाळ, बघणारच. फोटोही काढायला मागतील. वारीत आप्पांकडे २१ वर्षांत कोणी असं बघितलेलं नाही. तिथे लाखोंतले ते एक. इथे ते एकटेच असतील. हे त्यांना माहीत नसेल तर चहा घेताना शांतपणे सांगा: आप्पा, तुमच्याकडे लोक बघतील, फोटो मागतील, चालेल का? तुमच्या लाजेचं सांगायची गरज नाही, पण हे सांगायला हवं. त्यानंतर निर्णय त्यांचा. टाळ त्यांच्यासाठी भजनाचे आहेत, मिरवणुकीतला खुळखुळा नव्हेत. कदाचित ते स्वतःच म्हणतील की राहू दे घरी. कदाचित म्हणतील, बघू देत की. दोन्ही उत्तरं धरून चाला, आणि दुसरं आलं तर पिवळं जाकीट घालून मागे चालताना मान खाली घालू नका.

एक मात्र आधी समजावून ठेवा. वारीच्या सवयीने ते ‘माउली’ म्हणून कोणाच्याही पायाशी वाकतील. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पाया पडले तर ते गृहस्थ आपल्याच बुटाची नाडी सुटली समजून खाली बघतील आणि दोघांची टक्कर होईल.

तुमच्या लाजेबद्दल मी फार बोलणार नाही. परक्या गावात आपण आधीच चारजणांत वेगळे दिसत असतो, त्यात आपलं माणूस आणखी वेगळं दिसणार म्हटलं की पोटात गोळा येतो. मला आईच्या नऊवारीची वाटली होती, इथल्याच बसस्टॉपवर. आई आता नाही. एवढंच सांगते.

बाकी घाईघाईत. जेवणाची वेळ बदला. त्या चार दिवशी इथली घरं पाचच्या आसपास जेवून घेतात, कारण चाल सहा-साडेसहाला सुरू होते. आपलं साडेआठचं जेवण इथे कामाचं नाही. पाचला दशमी, धपाटं किंवा तूप-गूळ लावलेली पोळी गुंडाळून द्या, आल्यावर गरम वरणभात. दुसऱ्यांच्या मुलांना काहीही वाटण्याआधी त्यांच्या आईला विचारा. शेंगदाण्याचा लाडू आणि चिक्की तर घरीच ठेवा. ज्या मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी तो खाऊ नाही, संकट आहे. बूट जुनेच हवेत, वापरून मऊ झालेले. नवे बूट घेतले असतील तर ते पावसाळी बाजारहाटाला वापरा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही, पण चालून आलेलं पोर उजेडात झोपत नाही. जाड पडदे ओढा.

तुमच्या ब्राबांट भागात आणखी एक गोष्ट असते. ओकच्या झाडांवर जूनमध्ये केसाळ अळ्यांचे पुंजके दिसतात. या अळ्या एकीमागे एक अशी रांग करून चालतात, म्हणजे त्यांचीही दिंडीच. त्यांचे बारीक केस वाऱ्याने उडून अंगाला लागले तरी भयंकर खाज सुटते. खोडाला फीत किंवा पाटी लावलेली दिसली तर तिथे मुलांना टेकू देऊ नका. खाज आलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून अलगद ओढायची, मग कोमट पाण्याने धुवायचं आणि कपडे ६० अंशांवर. उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर लेकीच्या काखेत, गुडघ्यांमागे गोचीड चिकटलेली नाही ना ते बघा.

पाऊस आला तर चाल होते. विजा कडाडायला लागल्या तर रद्द करतात, गटावर निरोप येतो.

आता तो फॉर्म भरून टाका, मुदत संपायच्या आत.

ता. क. – फॉर्मवर एक रकाना असेल: कितव्यांदा चालता आहात? पदकावर तो आकडा येतो, म्हणून विचारतात. तुमच्या आणि लेकीच्या नावापुढे १ लिहा. आप्पा २२ लिहा म्हणून हट्ट धरतील. त्यांच्याही नावापुढे १च लिहा.